न वाचलेली यादी

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर ओरखडे आहेत, एक कळ दोनदा दाबावी लागते. पण त्या दिवशी माझा जीव गेला, तो म्हातारपणाने नव्हे. आजही आठवलं की माझा पंखा अडखळतो.

उमेदीची वर्षं मी एका कचेरीत काढली. तिथून भंगारात निघालो, तेव्हा लहानशा ब्रेल छापखान्याच्या ताईंनी मला उचललं आणि माझ्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली बसवली. कागदावर उठावदार ठिपके पाडणारं यंत्र माझ्या हुकमावर चाले. ताईंच्या मामांना जन्मापासून दिसत नाही. ते प्रत्येक पान बोटांनी तपासत. "म्हातारा चुकत नाही," असं ते पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी फुलून जाई.

पुढे ते यंत्र मोडलं, नवं आलं. त्याच्यासाठी नवा प्रोग्राम हवा होता. त्यातच त्या दिवशी दुपारी चारला अंध मुलांच्या शाळेचा शिपाई परीक्षेच्या अकरा प्रश्नपत्रिका न्यायला येणार होता.

सकाळी ताईंनी इंटरनेटवर तयार पॅकेजं, म्हणजे बसवायला सज्ज बांधलेले प्रोग्राम, शोधली. चार-पाच होती. घाईत त्यांनी सगळ्यात वरचं घेतलं. ते नव्या, चौसष्ट बिटांच्या संगणकांसाठी होतं. मी पडलो बत्तीस बिटांचा. हे माझ्या जातीचं नाही, असं मी स्पष्ट लिहून दाखवलं. मग ताईंनी कुठूनतरी एक रामबाण म्हणवणारा उपाय शोधला आणि तसाच्या तसा टंकला. मी एक लांबलचक यादी समोर ठेवली. एक प्रोग्राम आत घ्यायला एकशे चाळीस गोष्टी काढाव्या लागणार होत्या, त्यांत पडद्यावरची चित्रं उमटवणारा भागही होता. खाली विचारलं, चालेल का?

वाटलं, आता तरी वाचतील. ताईंनी 'हो' दाबलं.

मी हुकमाचा ताबेदार. माझ्याच हातांनी मी माझं एकेक काढून टाकलं. शेवटी काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ उरली.

कळांचा आवाज थांबला म्हणून मामांनी काय झालं ते विचारलं.

"त्यानं यादी दाखवली, मी हो म्हटलं, आणि सगळं गेलं."

"यादीत काय होतं?"

"वाचली नाही, मामा."

मामा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी हाताने ठिपके पाडायची ब्रेलची पाटी आणि टोचणी काढली. "तू कागदावरून प्रश्न वाच. मी टोचतो."

बारा वाजता ताईंनी बोलावलेले शेजारचे संगणक दुरुस्तीवाले आले. पेनड्राइव्हवरून त्यांनी मला पुन्हा उभं केलं. ताईंच्या फायली शाबूत होत्या. "तयार पॅकेज म्हणजे शिवलेला सदरा, ताई," ते म्हणाले. "अंगात घालण्याआधी माप आपणच बघायचं." त्यांनी माझी जात पाहिली, लिनक्सची आवृत्ती पाहिली आणि लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातून जुळणारं पॅकेज निवडलं. 'हो' दाबण्याआधी यादी ताईंना मोठ्याने वाचायला लावली. तीन गोष्टी नव्या येणार होत्या, जाणार एकही नव्हती.

चारला अकरा प्रश्नपत्रिका गेल्या. सात माझ्या, चार मामांच्या. त्यांचा अंगठा सुजला होता.

मित्रांनो, आम्हाला ओरडता येत नाही. धोका दिसला तर आम्ही तो लिहून दाखवतो आणि वाट पाहतो. तेवढं वाचत जा. एकदा तुम्ही 'हो' म्हटलंत, की आम्हाला थांबता येत नाही.