पाहुण्यांची गादी

दिवसभर मी दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री करते. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या, कुणाकुणाच्या. आमच्या लाँड्रीत भिंतीएवढं रोलरचं मशीन आहे. एका बाजूने मी ओली चादर सरकवायची, पलीकडे माझी जोडीदारीण घडी घालते. संध्याकाळपर्यंत पायांचे असे खांब होतात की बसमध्ये कुणी जागा दिली तर त्याच्या सात पिढ्यांचं भलं होवो असं वाटतं. आणि त्या दिवशी सुट्टी झाल्यावर मला गादी घ्यायला जायचं होतं. दिवसभर चादरी, संध्याकाळी गादी, आणि झोपेचा तेवढा पत्ता नाही.

हे सगळं माझ्या धाकट्या भावामुळे. घरात त्याला भटक्या म्हणतात. जरा सुट्टी मिळाली की बायकोपोरांना गाडीत कोंबून हा डोंगरात तंबू ठोकायला पळतो. बाबा गेल्यापासून आई त्याच्याकडेच होती. घर मोठं, आईला स्वतंत्र खोली, म्हणून मी निर्धास्त. तर आठवड्यापूर्वी त्याचा फोन आला.

"ताई, सासऱ्यांचं एक अंग गेलंय. त्यांना आमच्याकडे आणावं लागतंय. आईला थोडे दिवस तुझ्याकडे सोडतो. एक हवेची गादी घेऊन टाक ना. पाहुण्यांना होते, कॅम्पिंगलाही होते."

"मला घरचाच तंबू सांभाळता सांभाळता नाकी नऊ आलेत," मी म्हटलं. "मी कुठली जाते कॅम्पिंगला!"

तो हसला आणि दुसऱ्या दिवशी आईला पिशवीसकट सोडून गेला. आमच्याकडे एक खोली नि एक हॉल. खोलीत आम्ही नवराबायको, हॉलमधल्या सोफ्यावर लेक. आईला आमच्या पलंगावर घेतलं आणि नवरा खाली झोपला. दोन दिवसांत त्याची कंबर धरली. "तुझा भाऊ आयुष्यात एकदाच शहाण्यासारखं बोलला," तो जमिनीवरूनच म्हणाला, "गादी आण बाई."

आई म्हणाली, "मीपण येते. तुला त्यातलं काय कळणार?"

"आणि तुला कळतं वाटतं," मी म्हटलं. पण नेलं. घरात बसून तरी काय करणार होती ती.

दुकान बरेच मजले असलेलं, घरातलं सगळं मिळणारं, आणि गाद्यांचा मजला म्हणजे मैदानच. खोट्या हिरवळीवर तंबू उभे केलेले, तंबूंसमोर घडीच्या खुर्च्या, आणि एका कोपऱ्यात गाद्या. तिथला विक्रेता पन्नाशीचा, टाय लावलेला, आणि माझ्याइतकाच दमलेला. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता. ते बघूनच मला तो आपला माणूस वाटला.

त्याने दोन प्रकार दाखवले. एक पातळ, हलकी, गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत बसणारी. ती कॅम्पिंगची. दुसरी पलंगाएवढी उंच, वरून मखमलीसारखी, आतच मोटर. ती पाहुण्यांची. बटण दाबल्याबरोबर मोटर केकाटायला लागली आणि गादी हळूहळू अंग वर काढत उठली.

"उंच आहे ते बरं आहे," आई म्हणाली. "उठताना गुडघ्यांना त्रास नाही. पण मोटर नको. पहाटे पुन्हा हवा भरायची म्हटलं तर अख्खं घर जागं होईल. पायाने दाबायचा पंप मिळतो ना?"

"मिळतो," तो म्हणाला.

"आणि इतकी गच्च नसते भरायची. गच्च भरली की कूस बदलताना करकरते. थंडीत तशीही पहाटेपर्यंत बसते ती." असं म्हणत आई वाकली, झाकण काढलं, पायथ्याकडून गादी गुंडाळायला घेतली आणि गुडघ्याने दाबत दाबत हवा काढत गेली. बघता बघता त्या धुडाची वळकटी झाली. नाडीसुद्धा तिनेच बांधली.

"आजी, तुम्ही आमच्याकडे नोकरीलाच या," तो म्हणाला. मीही हसले. मग माझं हसू जागच्या जागी थांबलं.

"आई, तुला हे कुठून माहीत?"

"भटक्याकडे आहे ना तशी. पातळवाली."

"तू झोपायचीस तिच्यावर?"

"थोरल्या नातवाला अभ्यासाला खोली हवी होती. मीच म्हटलं, घे बाबा. हॉलमध्ये टाकायची, सकाळी सगळे उठायच्या आत गुंडाळून कपाटामागे. कुणाच्या पायात यायला नको." ती गादीची नाडी उगाच सारखी करत होती. "सुट्टीत ते डोंगरात जाताना घेऊन जायचे, तेव्हा सतरंजी. त्यात काय एवढं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतंत्र खोली म्हणे! या वयात माझी आई रोज पहाटे उठून स्वतःचं अंथरूण लपवत होती, आणि मी जगाला सांगत होते की ती राणीसारखी राहते.

"गादीबिदी काही नको," मी म्हटलं. "सोफा विकू, लेक झोपेल खाली. तुला पलंग घेऊ."

"अजिबात नाही." आई इतक्या ठामपणे कधी बोलत नाही. तिने माझं मनगट धरलं. "अगं, पलंग आला की मी कायमची आले. भटक्या म्हणेल, झाली हिची सोय. माझी नातवंडं तिकडे आहेत. तिथल्या खालच्या मजल्यावरची शेजारीण रोज संध्याकाळी माझ्याशिवाय फिरायला निघत नाही. मी तुझ्याकडे पाहुणी म्हणून आलेय, पाहुण्यासारखी ठेव. मला घरी जायचंय."

घरी म्हणाली ती. माझ्यासमोर उभं राहून. लागलं मला, खोटं कशाला सांगू.

मी तंबूंच्या मागे जाऊन भटक्याला फोन लावला. द्यायच्या सगळ्या शिव्या तोंडात तयार होत्या.

"आईला हॉलमध्ये जमिनीवर झोपवत होतास तू?"

"ताई, आत्ता नको. सासऱ्यांना कुशीवर वळवतोय." मागे कुणीतरी कण्हत होतं. जरा वेळाने तो परत आला. "बोल."

"आईला न्यायला कधी येतोस?"

"बघू गं."

"बघू म्हणजे कधी?"

"ताई, हॉलमध्ये आता दवाखान्यातला पलंग लावलाय. डॉक्टर म्हणतात, हे वर्षानुवर्षं असंच चालणार. बायको रात्रभर जागी असते. तूच सांग, आईला कुठे ठेवू? मला काय ती जड झालीय का?"

शिव्या तोंडातच राहिल्या. तोही माझ्यासारखाच उभ्याउभ्या पेंगत असणार. जेवून घे रे, एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

परत आले तर आई फुगवलेल्या दुसऱ्या एका गादीच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर घेऊन, स्टँडवर बसची वाट बघत बसावं तशी.

"काय म्हणाला?"

"येतो म्हणाला. सुट्ट्या लागल्या की लगेच."

खोटं बोलायलाही ताजं डोकं लागतं. माझं कुठलं असायला.

"सुट्ट्यांत तर तो डोंगरात असतो," आई म्हणाली.

"या वेळी नाही जाणार म्हणाला."

"हो, नाहीच जाणार." तिने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "सासऱ्यांना टाकून कसा जाईल. आणि त्यांना कुठे हलवेल."

मी म्हटलं, ही उंचच घेऊ, पायाच्या पंपाची, तू म्हणतेस तशी. आई बरं म्हणाली. विक्रेता खोकं घेऊन आला आणि पेन शोधत म्हणाला, "वॉरंटीसाठी विचारतो ताई. वापर रोजचा की कधीमधी?"

"कधीमधी," मी म्हटलं. "पाहुण्यांसाठी."

"रोजचा," आई म्हणाली.

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आजी, रोजच्या वापराला वॉरंटी मिळत नाही. खरं सांगू का, रोज झोपायचं असेल तर ही घेऊच नका. चार महिन्यांत शिवण सुटते. त्यापेक्षा पलंग घ्या."

आईने मान डोलावली. तिने माझ्यापुढे हात केला आणि मी तिला ओढून उभं केलं. साडी नीट केली, पर्स खांद्याला लावली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

"पलंग कुठल्या मजल्यावर आहेत?" तिने त्याला विचारलं.