शारदाच्या बिबड्यांची दोन पानं

"सर, आधार कार्डावरचा फोटो पापडाले कोणं लावला?"

खिडकीकडच्या शेवटच्या बाकावरून गणेश ओरडला आणि त्या बाजूचे सगळे हसले. त्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकच बाई होती. जांभळी साडी, स्टुडिओतली खुर्ची, मागे निळा पडदा, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे फ्लॅशला घाबरल्यासारखे मोठे. खाली लिहिलेलं: घरचे बिबडे. ज्वारीचे, उन्हात वाळवलेले. घरपोच मिळतील.

दाराकडच्या बाजूच्या मोबाइलवर तेच शब्द, तोच भाव. फोटो मात्र नुसत्या हातांचा, ओल्या फडक्यावर बिबडा थापणाऱ्या.

फळ्यावर चिंतामण सरांनी लिहिलं होतं: पान अ, पान ब. बी.कॉम.ला 'ऑनलाइन व्यवसाय' हा विषय नवा आला आणि तो कुणालाच नको होता, म्हणून तासिका तत्त्वावरच्या सरांकडे आला. वर्गाचाच बाजार करायचा ही कल्पना मात्र त्यांची स्वतःची. अर्ध्या वर्गाला एक पान, अर्ध्याला दुसरं. फरक एकाच गोष्टीत. 'घेतो' नाहीतर 'नको', एक बटण दाबायचं. दुकानदाराने अंदाज बांधायचा नाही, गिऱ्हाईकाला विचारायचं.

"पण हे बाई हाय तरी कोण, सर?"

*पान अ*

"इंटरनेटवरून घेतला फोटो," सर म्हणाले. हसणं थांबेना, तेव्हा तेही हसले. "आधार लिंक केल्याशिवाय बिबडे मिळणार नाहीत."

बाक वाजले. शिट्टी आली. सरांच्या कुठल्याही वाक्याला वर्ग इतका कधीच हसला नव्हता, आणि एक क्षण, अगदी एकच, त्यांना बरं वाटलं.

*पान ब*

"माझी बायको आहे," सर म्हणाले. "शारदा. माहेर रोहिणखेड. आता दाबा बटण."

उत्तराचं हे पान कुणाला दाखवलं गेलं नाही.

*

भिंतीवर निकाल पडला. दोन फोटो, दोन पट्ट्या. हातांखालची पट्टी भिंतभर. बाईखालची इतकी आखूड, की गणेश म्हणाला, "बाईची जमानत जप्त, सर."

सरांनी प्रमाण भाषेत निष्कर्ष सांगितला. वर्गात ते प्रमाणच बोलत. पुण्यात एका प्रशिक्षणाला त्यांनी उभं राहून "मले एक विचाराचं होतं" म्हटलं होतं, आणि पुढच्या रांगेतल्या दोन बायका एकमेकींकडे बघून गोड हसल्या होत्या. तेव्हापासून.

घंटा झाली. वर्ग रिकामा झाला तरी समता थांबली. ती त्यांच्याच गल्लीतली.

"सर, वाटणी बाकावरून केली ना तुमी?"

"हो. ही बाजू, ती बाजू."

"खिडकीकडं तं सगळे पोरंच बसते. आम्हाले बाईचा फोटो आलाच नाही. मंग फरक फोटोचा हाय का पोरापोरींचा, कसं समजन?"

सरांनी फळ्याकडे पाहिलं. वरच्या कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात होतं: गिऱ्हाइकं चिठ्ठ्या टाकून वाटावीत. रोज दोन बाजूंना बसणारा वर्ग, रोजच्यासारखाच त्यांनी मधून कापला होता.

"बरोबर आहे तुझं."

"उद्या परत घ्या ना, सर. चिठ्ठ्या टाकून." मग ती आवाज उतरवून म्हणाली, "आम्ही घेतले असते. काकूच्या हातचे."

सरांनी प्रोजेक्टरची वायर गुंडाळली. नीट गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा गुंडाळली. मान वर केली तेव्हा ती गेलेली होती.

*

शारदा ओट्यावरच बसली होती. समोर सूप, शेजारी प्रेसमधून आलेल्या लेबलांचा गठ्ठा.

"निकाल लागेपर्यंत थांब म्हटलं होतं ना मी," चिंतामण म्हणाले.

"मले वाटलं, पास व्हईनच." ती हसली. "पाहा तरी. कसे रंग आले!"

वरच्या अंगाला जांभळ्या साडीतली शारदा, खाली मोठ्या अक्षरांत 'शारदाचे बिबडे'. फोटो काढायला ती कधी तयार नसे. लग्नाच्या अल्बममध्येही मान खालीच. या वेळी मात्र तिने स्वतः साडी निवडली, स्टुडिओत जाऊन बसली. हातांचा फोटो त्यांनीच सुचवला होता. त्यावर ती म्हणाली होती, "हात कोणाचेबी असते. तोंड पाह्यलं का माणसाले भरोसा येते."

"काय झालं मंग? आवडला का पोरायले?"

चपला काढायला त्यांना वेळ लागला.

"हाताचा जास्त चालला."

"अन् माहा?"

"कमी."

तिने एक लेबल उचलून लांब धरलं. चष्मा नव्हता तिला अजून, तरी लांब धरून बघायची सवय लागली होती.

"हासले का कोणी?"

"नाही."

*पान ब*

"वाटणी चुकली माही. फक्त पोरायलेच दिसला तुहा फोटो. उद्या परत…"

उद्या परत म्हणजे तीच बाई त्याच भिंतीवर. आणि कुणीतरी विचारणार, कोण हाय. आणि दाराकडच्या बाजूला समता.

*

त्यांनी चपला भिंतीशी नीट लावून ठेवल्या.

"असू द्या," शारदा म्हणाली. "गिऱ्हाईक म्हणन तसं. तुमीच तं सांगता."

ती आत जाऊन कात्री घेऊन आली. कातरण उडू नये म्हणून सूप मांडीशी ओढलं, आणि पहिलं लेबल फोटोच्या खालून सरळ कापलं. मग दुसरं. चेहऱ्यावर राग नव्हता. भाजी निवडताना असतो तसा चेहरा. चिंतामणना तो बघवेना आणि आतही जाता येईना.

"काऊन उभे राह्यले? बसा."

ते समोर बसले.

"दे, मी कापतो."

तिने कात्री दिली. एकदोन लेबलं होईपर्यंत त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

"जरा वरून घ्या," ती म्हणाली. "नाव नका कापू. तेवढं राहू द्या."

त्यांनी कात्री वर सरकवली, अगदी हनुवटीला लागेल इतकी, आणि कापत राहिले. सुपात चेहरे पडत होते. काही पालथे पडले, बरेचसे उताणे.