एकाच अक्षराचा तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. पाढ्यांचा नाही, नकाशाचा नाही, फळाफुलांचाही नाही. माझ्या अंगावर फक्त इंग्रजी ई हे एकच अक्षर आहे, आणि तेही पुन्हा पुन्हा. वरच्या ओळीत वाटीएवढं, मग लहान, मग आणखी लहान, आणि तळाला हरभऱ्याएवढं. त्याचे तीन दात कुठे उजवीकडे आहेत, कुठे डावीकडे, कुठे वर तर कुठे खाली. समोरच्याला वाचता आलंच पाहिजे, असा माझा हट्ट नाही. दूर उभं राहावं, दात कोणीकडे आहेत ते बोटांनी दाखवावं, की झालं. त्याला नीट दिसतं की नाही, ते मी सांगतो.

माझा जन्म बडोद्याच्या टोकाला, छाणीतल्या एका लहानशा छापखान्यात झाला. ते नव्वदीचं दशक होतं. जाड कागद कापडावर चिकटवला, वर एक आणि खाली एक लाकडी पट्टी ठोकली, दोन्ही पट्ट्यांना सुतळी बांधली. छापणारे काका मला वाळत घालताना म्हणाले, "आ शुं छपावे छे सरकार? बीजा अक्षर खूटी गया?" बाकीची अक्षरं संपली की काय, असं त्यांना म्हणायचं होतं. मला जरा रागच आला. पण खरं सांगायचं, तर माझा उपयोग काय हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

ते मला पुढे कळलं, आणि त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही. मूल शाळेत आलं म्हणजे काम संपलं नाही, आलेल्या मुलाला फळा दिसतो का तेही बघायला हवं, असं कुठल्यातरी सरकारी कचेरीत कोणाच्यातरी मनात आलं. मग ठरलं की आधी शिक्षकांनी मुलांची पारख करायची, मग वर्षातून एकदा डॉक्टरांनी शाळेत येऊन तपासायचं, आणि लागेल त्याला फुकट चष्मा द्यायचा. ज्यांनी हे ठरवलं, त्यांनी त्यातलं एकही मूल पाहिलेलं नव्हतं. तरी त्यांच्या एका सहीने माझ्यासारखे कितीतरी तक्ते टेम्पोत चढले आणि शाळाशाळांतून उतरले. केवढी मोठी गोष्ट आहे ही.

मी उतरलो बडोद्याच्याच वाडी भागातल्या एका मराठी शाळेत. तिथे तिसरीच्या मंदाकिनीबाईंनी मला ताब्यात घेतलं. बाई मुलांवर जीव टाकणाऱ्या, पण आवाज असा की व्हरांड्यातली कबुतरं उडावीत. त्यांचे पणजोबा गायकवाडी संस्थानात शाळाखात्याचे अधिकारी होते. बाईंच्या घरी लहानपणापासून एकच शिकवण होती. बाहेरचा माणूस शाळा बघायला येतो, तेव्हा एकही मूल अडखळता कामा नये. शिवाय दिवस कठीण आले होते. चार गल्ल्या सोडून इंग्रजी शाळा निघाली होती, तिच्या पिवळ्या बसगाड्या खंडेराव मार्केटपर्यंत धावत होत्या, आणि बाईंच्या वर्गातली बाकं एकेक करून रिकामी होत होती. आपल्या शाळेतल्या पोरांचे डोळे अधू आहेत, असं एकदा बाहेर गेलं तर आहेत ती मुलंही जातील, ही धास्ती त्यांना खात होती.

तेव्हा बाईंनी काय केलं असेल? त्यांनी मला पाठ करून घेतलं.

हसू नका. रोज सकाळी प्रार्थनेनंतर मला फळ्यावर टांगायच्या आणि छडी टेकवत जायच्या. सगळा वर्ग पाढ्यांच्या चालीवर म्हणायचा, "उजवी. वर, डावी. खाली, वर, उजवी." असं तळापर्यंत. मला काय, मी आनंदाने फुलून गेलो. कवितेचा मान मिळालेला तक्ता साऱ्या गुजरातेत मी एकटाच असेन.

त्या वर्गात ईशानी नावाची मुलगी होती. तिची स्मरणशक्ती पाहून मी थक्क व्हायचो. बाईंनी एकदा सांगितलेली गोष्ट ती शब्दाला शब्द परत सांगायची. मी तर तिला तिसऱ्याच दिवशी मुखोद्गत झालो. मात्र फळ्यावरची गणितं वहीत उतरवायची म्हटली, की तिचं काहीतरी बिनसायचं. आठाचे तीन व्हायचे, साताचा एक व्हायचा. "नीट बघून लिहीत जा ने," बाई ओरडायच्या. ती मान खाली घालायची. दूरचं जग सगळ्यांनाच असं दुधात बुडवल्यासारखं दिसतं, अशी तिची समजूत होती. जे कधी पाहिलंच नाही ते दिसत नाही, अशी तक्रार ती बिचारी कशी करणार?

एके दिवशी बाईंनी तिच्या वडिलांना, श्रीकृष्णरावांना, बोलावून घेतलं. ते एका कचेरीत नोकरीला होते. माझ्याशेजारीच उभे राहून दोघं बोलले.

"तोंडी सगळं येतं हो हिला," बाई म्हणाल्या. "पण लेखी कोरं. अशीच चौथीत ढकलली तर पुढे हाल होतील. मला वाटतं, अजून एक वरस तिसरीतच बसू दे."

"तुम्ही म्हणाल तसं, बाई," श्रीकृष्णराव म्हणाले. "पण डॉक्टरांची तपासणी होऊन जाऊ दे. मग ठरवू."

दाराआड उभ्या असलेल्या ईशानीने ते ऐकलं. डॉक्टरांपुढे चुकलो तर मैत्रिणी चौथीत जाणार आणि आपण मागे राहणार, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. त्या दिवसापासून ती मधल्या सुट्टीतही ओठातल्या ओठात मला घोकू लागली.

डॉक्टर उत्कर्ष आले ते घाईत. त्यांना त्याच दिवशी आणखी शाळा उरकायच्या होत्या. त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकाला खिळ्यावर अडकवलं, आणि रोजच्या टांगण्याने झिजलेली माझी वरची सुतळी तुटली. डॉक्टर इकडेतिकडे न बघता दुसऱ्या पट्टीची सुतळी धरून मोकळे झाले. झालं, माझं डोकं खाली आणि पाय वर. मोठी अक्षरं तळाला गेली. उजवीची डावी झाली, वरचं खाली झालं.

मंदाकिनीबाईंचा चेहरा उतरला. "डॉक्टरसाहेब, उलटा लागलाय तो."

"चालशे, बाई. ई कसाही टांगला तरी ईच. मोठ्यापासून खालून वर जाऊ. पहिलं कोण?"

पहिली ईशानी होती. पाठांतरात सगळ्यात पक्कं मूल पुढे उभं करायचं, हा बाईंचा नेम. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ती ताठ उभी राहिली आणि तिने तळव्याने एक डोळा झाकला. डॉक्टरांनी छडी टेकवली. टप असा आवाज झाला आणि ती म्हणाली, "उजवी." पुन्हा टप. "वर." टप. "डावी." मुलगी कुठे अडली नाही, कुठे थांबली नाही. आवाज कसा खणखणीत. एकन् एक ओळ तिने शेवटपर्यंत म्हटली.

आणि तिचं एकन् एक उत्तर चुकलं होतं.

डॉक्टरांनी छडी खाली घेतली. बाई पुढे झाल्या. "तिची चूक नाही हो. मीच पाठ करून घेतलं होतं. तक्ता उलटा लागला म्हणून..."

"तेच म्हणतोय, बाई," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "तिला दिसत असतं, तर ती थांबली असती."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग ईशानीकडे. आठाचे तीन का होत होते, ते त्यांना त्या क्षणी उमगलं. त्या भिंतीला टेकल्या. इतकी खचलेली बाई मी पुन्हा पाहिली नाही. आपलं काहीतरी चुकलं, एवढं ईशानीला कळलं होतं. तिने विचारलं, "मी नापास झाले का? आता मला तिसरीतच बसवणार?"

डॉक्टरांनी पेटीतून एक जड, गोल चौकट काढून तिच्या नाकावर बसवली आणि तिच्यात एकेक काच घालायला सुरुवात केली. ही बरी का ती बरी, असं विचारत राहिले. एका काचेपाशी ती एकदम पुढे वाकली. मित्रांनो, मी छापलो गेलो तो त्या क्षणासाठी. समोरचं पोर मला पहिल्यांदा बघत होतं. माझी हरभऱ्याएवढी अक्षरं तिने एकेक करून, सावकाश, बोटांनी दाखवली. या वेळी ती अडखळली, थांबली, तिने पुन्हा बघितलं, आणि सगळी बरोबर सांगितली. अंगावर काटा यायला मला कातडी नाही, पण माझी उरलेली सुतळी थरथरली असं मला वाटतं.

मग तिने मान वळवली आणि दूर भिंतीला टेकलेल्या मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही रडताय? मला वाटायचं, तुम्ही नेहमी रागावलेल्याच असता."

सरकारी चष्मा यायला महिना लागला, पण तो आला, आणि ईशानी मैत्रिणींबरोबर चौथीत गेली. बाईंनी माझी सुतळी बदलली. नंतर त्यांनी शाळेतल्या सगळ्या मुलांना पुन्हा माझ्यापुढे उभं केलं, दर वेळी मला फिरवून टांगत. आणखी काही मुलं सापडली, सगळी पाठांतरात पक्की. पुढच्या वर्षी पहिलीतल्या एका मुलाने व्हरांड्यातून सरळ सांगून टाकलं, "बाई, मला नथी दिसत." एरवी 'नाही'च्या जागी गुजराती 'नथी' घालणाऱ्या अशा भाषेवर बाई कडाडल्या असत्या. त्या दिवशी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "शाब्बास."

आता मी पिवळा पडलो आहे. तपासायला यंत्रं आली, बाई निवृत्त झाल्या, आणि मी कपाटामागे गुंडाळून उभा आहे. माझ्या खालच्या ओळीवर वाळवीने ताव मारला आहे. त्याचं मला फार दुःख नाही. वाईट एवढंच वाटतं, की माझे जे भाऊ अजून भिंतीवर आहेत त्यांच्यापुढे मुलं अजून घाबरून उभी राहतात.

मित्रांनो, आम्हाला घाबरू नका आणि पाठ तर मुळीच करू नका. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. आणि मोठ्या माणसांनो, तुमच्या शाळेतली सगळीच्या सगळी मुलं बिनचूक उत्तरं द्यायला लागली, की एकदा तक्ता उलटा टांगून बघा.