वखारीत कधी न आलेलं लाकूड

लाकडातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं आमच्या ह्यांचं ठाम मत. सांगलीत त्यांची चाळीस वर्षं जळणाची वखार होती. ढलपी नाकाशी धरून बाभूळ की चिंच ते सांगायचे, आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगायचे. गुडघे कुरकुरायला लागले तशी वखार विकली आणि आमच्या लेकीने, इराने, आम्हाला चेन्नईजवळ तांबरमला आपल्या घरी आणलं. "आता इथेच राहा," म्हणाली.

मी लगेच रुळले. भाजी ताजी, हवा समुद्राची, जावई पुष्कर स्वभावाने गरीब. आणखी काय हवं? ह्यांचं मात्र बिनसलं. भाषा कळेना, पेपर वाचता येईना, आणि गॅसवर चालणाऱ्या घरात वखारवाल्याला विचारतो कोण? बाल्कनीत बसून समोरच्या नारळाकडे रागाने बघत राहायचे. शेवटी जाहीर झालं, "संक्रांत झाली की बुधवारच्या गाडीने मी परत जाणार. तुला राहायचं तर राहा." एकटे जाणार! कुकरच्या शिट्ट्या मोजता न येणारा माणूस! मला घास गोड लागेना. लेकीला सोडवेना आणि ह्यांना एकटं पाठववेना.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी कृष्णस्वामी देवासारखे धावून आले. आपल्या संक्रांतीला इथे पोंगल असतो. अंगणात विटांची चूल मांडायची, हंडीत दूध-तांदूळ चढवायचे आणि ते उतू जायची सगळ्यांनी वाट बघायची. आपल्याकडे दूध उतू गेलं की सासू ओरडते, इथे सगळी सोसायटी आनंदाने ओरडते. मात्र मुहूर्त टळायच्या आत उतू जायला हवं, तरच वर्ष चांगलं. सासरे लाकडातले दर्दी आहेत, हे मी पुष्करकरवी कृष्णस्वामींच्या कानावर घातलंच होतं. त्यांनी चुलीचं काम ह्यांच्यावर सोपवलं.

झालं! ह्यांच्या अंगात वारं भरलं. मिशा कातरल्या, ठेवणीतलं धोतर बाहेर काढलं. कृष्णस्वामी म्हणाले, दरवर्षी आम्ही सुरूचं लाकूड आणतो. पुष्करने ते मराठीत सांगितलं. ह्यांनी मान उडवली. "सुरूचे खांब करतात. गच्चीवर एवढं जळण पडलंय ते कशाला आहे?"

डिसेंबरच्या वादळात कुंपणामागचं एक झाड पडलं होतं. आम्ही येण्याआधीच कुणीतरी त्याची साल काढून, फाळकी पाडून गच्चीवर ताडपत्रीखाली रचून ठेवलं होतं. ह्यांनी एक फाळकं उचललं, टिचकी मारली, वास घेतला. जरा थबकले. मी बायको आहे, मला ते थबकणं दिसलं. पण माहीत नाही म्हणायची जीभ ह्यांना देवाने दिलेलीच नाही. "आंबा," ते म्हणाले. "वरून वाळलाय, भडकन पेटेल."

पोंगलच्या सकाळी सगळं अंगण नटलं होतं. रांगोळी, ऊस, हंडीच्या गळ्यात हळदीचं रोप. ह्यांनी चूल पेटवली. आधी कापूर पेटला, मग कागद पेटले, आणि मग नुसता धूर! फाळक्यांच्या टोकांतून फेस यायला लागला. हे फुंकणी घेऊन वाकले ते वाकलेच. डोळ्यांतून पाणी, मिशांवर राख. दुधावर साधी सायसुद्धा धरेना. बायका घड्याळं बघायला लागल्या. कृष्णस्वामी सभ्य माणूस, ते आकाशाकडे बघायला लागले.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या अलमेलूबाई पदर खोचून पुढे आल्या. त्या तंजावरच्या मराठ्यांपैकी. त्यांचं मराठी आपल्या पणजीच्या वेळचं, वर तमिळची फोडणी. त्यांनी एक फाळकं निरखून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अय्यो अण्णा, हें अत्ति कीं हो! तुमचा औदुंबर!"

फुंकणी ह्यांच्या हातातून गळून पडली. आमची सांगली म्हणजे नरसोबाची वाडी जवळ, दर पौर्णिमेला हे दत्ताच्या पायाशी. आमच्याकडे उंबराला कुऱ्हाड लावायची कुणाची छाती नाही. चाळीस वर्षांत ह्यांच्या वखारीत हजार जातींचं जळण आलं, पण उंबराची काटकीसुद्धा कधी आली नाही. ज्या झाडाला जन्मभर प्रदक्षिणा घातल्या ते आतून कसं दिसतं, हे त्यांना कुठून कळणार?

"दत्ताचं झाड चुलीत घातलं मी," हे पुटपुटले. चेहरा पांढराफटक. मला इतकं वाईट वाटलं की मी थट्टासुद्धा विसरले.

"भिऊं नका," अलमेलूबाई म्हणाल्या. "आमच्यांत होमास ह्याच्याच समिधा घालतात. देवास हें लाकूड चालतें. पोंगलास चालत नाहीं!"

पहिले हसले ते कृष्णस्वामी, मग सगळं अंगण. ह्यांनी मात्र एकेक फाळकं हाताने बाहेर ओढलं, विझवलं आणि नमस्कार केला. बायकांनी सुक्या झावळ्या आणि करवंट्या आणून चुलीत कोंबल्या. जाळ हंडीच्या काठापर्यंत चढला. मुहूर्त टळता टळता दूध फसफसून उतू गेलं, आणि "पोंगलो पोंगल!" असा एकच गलका झाला.

हे त्यात नव्हते. बाजूला एकटेच बसले होते. आता हा माणूस बुधवारची वाटसुद्धा बघायचा नाही, आजच निघेल, असं वाटून मी गोड भाताची वाटी घेऊन जवळ गेले. पाहते तर काय, मांडीवर एक फाळकं घेऊन हे त्याच्या रेषांवरून बोट फिरवत होते.

"मऊ आहे, हलकं आहे. आतून किती पाणी धरून ठेवतं बघ," ते म्हणाले. "जळायला अगदीच कुचकामी. मला माहीतच नव्हतं गं."

एवढं म्हणायला त्यांना सत्तर वर्षं लागली.

"अलमेलूबाई म्हणतात, पुढच्या चौकात लाकडाची वखार आहे. इथली सगळी झाडं तिथे चिरलेली बघायला मिळतात. बुधवारी नेते म्हणाल्या."

"बुधवारी तर तुमची गाडी आहे ना?" मी विचारलं.

"गाडी काय, रोज असते," ते म्हणाले, आणि भाताची वाटी माझ्या हातातून घेतली.