डीबगरची प्रुफं

डीबगर म्हणजे काय ते मला अजून नीट कळलेलं नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. संपदा म्हणाली, चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून त्यात कुठे काय बिघडलंय ते बघायचं साधन. म्हटलं, असेल बाई. मला काय, स्वल्पविराम बघायचे. त्या साधनाचं जाडजूड माहितीपुस्तक पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी मराठीत होतंय आणि त्याची भाषा सुधारायचं काम संपदाकडे, माझ्या सुनेकडे आलंय. भाषा कसली डोंबलाची! ज्याने कुणी आधी लिहिलं त्याला वाक्य कधीतरी संपवायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

मी दादरच्या एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात जन्म घालवला. तिथे जोडीने काम चालायचं. एकीने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, विरामचिन्हांसकट. स्वल्पविरामाला नुसतं ‘स्वल्प’ म्हणायचं, पूर्णविरामाला ‘पूर्ण’. दुसरीने समोरच्या प्रुफावरून बोट फिरवत जायचं आणि ओळ जुळली की म्हणायचं, ‘हं.’ ‘हं’ आलं नाही तर काहीतरी अडलंय असं समजायचं. वाचणारीने का, काय विचारायचं नाही, गुपचूप तीच ओळ परत वाचायची. वाक्याच्या अर्थात शिरायचं नाही. अर्थात शिरलात की चूक निसटलीच.

विघ्नेश गेल्यावर आम्ही दोघी नायगावच्या या फ्लॅटमध्ये तशाच बसू लागलो. विघ्नेश माझा मुलगा, संपदाचा नवरा. ऑफिसात खुर्चीत बसल्याबसल्या गेला. रडणंबिडणं दिवसकार्यापर्यंत झालं, मग ते आटलं आणि त्या जागी दुसरं काहीच आलं नाही. भाजीत मीठ नसलं तरी आम्ही जेवून उठायचो आणि भांडी घासताना लक्षात यायचं. संपदाला काहीही विचारा, ‘बघू.’ पोळ्या करू की भात? बघू. पंखा वाढवू का? बघू. पूर्वी मी तिला टाकून बोलायचे, ती मला उलट बोलायची, घर कसं जागं असायचं. आता भांडायलाही अंगात जीव नव्हता. म्हणून एका दुपारी मीच म्हटलं, आण ते तुझं पुस्तक, मी वाचते. तेव्हापासून रोज जेवणं झाली की खिडकीशी टेबल, माझ्या हातात कागद, तिच्यापुढे लॅपटॉप. दिवसभरात आमचं बोलणं काय ते एवढंच.

एकदा ओळ आली, “प्रोग्रॅम मध्येच मेला स्वल्प तर शेवटची नोंद तपासा पूर्ण.”

“हं,” संपदा म्हणाली. बाकीच्या ओळींना म्हणते तसंच.

‘मेला’ हा शब्द पूर्वी माझ्या तोंडात चोवीस तास असायचा. मेला तो लिफ्टवाला, मेली ती मिक्सरची वायर. विघ्नेशलाही कितीदा म्हटलं असेल, मेल्या, आधी जेवून घे. आता जीभच वळत नाही.

“मेला काय?” मी म्हटलं. “बंद पडला कर.”

“पुस्तकभर तसंच आहे, आई.”

“मग पुस्तकभर बदल.”

तिने बदललं. मी पुढची ओळ वाचली. मला काही वाटलं नाही आणि काही वाटत नाही याचीच तेवढी भीती वाटली.

मागच्या आठवड्यात तिच्या भावाचा, हर्षवर्धनचा फोन आला. नाशिकला ओळखीच्या कंपनीत चांगली जागा आहे, राहायला माहेरचं घर आहे, रविवारी गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेव. संपदा म्हणाली, ‘बघू.’ मी आत मटार सोलत होते. खरं सांगते, मी मनात म्हटलं, बरं झालं, बघूच म्हणू दे. मला ती हवी होती. समोर ‘हं’ म्हणायला कुणी नसेल तर या अकराव्या मजल्यावर मी काय भिंतींना वाचून दाखवू?

मग मी लबाडी सुरू केली. पुस्तक संपत आलं होतं आणि काम अर्धवट टाकून ती कुठे जाणार नाही हे मला माहीत होतं. तेव्हा मी पानोपानी चुका उकरून काढू लागले. इथे स्वल्पविराम हवा. नको, आई. हवा म्हणते ना मी! पाचदहा पानं व्हायची तिथे दोन व्हायला लागली.

शनिवारी सकाळी खालच्या मजल्यावरची फ्लॉसी आली. मूळची शेजारच्या उमेळे गावची, शाळेत शिकवते, वाडीतली केळी उतरली की एक फणी आम्हाला आणून देते. केळी ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “आशाताई, तुम्ही तिला जा म्हणून सांगितलंत का?”

“मी कोण सांगणारी? तिला काय बांधून ठेवलंय?”

“तुम्हीच ठेवलंय. काल लिफ्टमध्ये मला म्हणाली, आई एकट्या पडतील. तुमच्या तोंडाकडे बघून थांबलीय ती. तुम्ही म्हटल्याशिवाय हलायची नाही.”

“तू तुझ्या शाळेतल्या पोरांना शिकव,” म्हटलं आणि दार लावून घेतलं. असा राग आला! आला ते बरंच वाटलं.

दुपारी संपदा टेबलाशी येऊन बसली. मी स्वयंपाकघराच्या दारातून तिच्याकडे बघितलं. खांदे उतरलेले, कालची वेणी तशीच. अजून चाळिशीसुद्धा आली नाही आणि पाठीवरून माझ्या वयाची दिसत होती. इथे राहिली तर ही अशीच ‘हं’ म्हणत म्हातारी होईल आणि मी होऊ देईन. सांगायला तर हवंच होतं. पण कसं? शेजारी बसून, हात हातात घेऊन? आमच्याने ते व्हायचं नाही. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “साखर संपत आलीय.”

“बघू,” ती म्हणाली.

त्या दुपारी मी एकही स्वल्पविराम उकरला नाही. ओळ, हं. ओळ, हं. “काम झाल्यावर डीबगर बंद करा पूर्ण.” “हं.” पुस्तक संपलं. तिचं बोट अजून पडद्यावरच होतं. मी शेवटचा कागद उलटून त्याची कोरी बाजू समोर धरली आणि त्याच सुरात वाचलं,

“संपदा स्वल्प तू उद्या नाशिकला जा पूर्ण.”

‘हं’ आलं नाही.

तिने माझ्याकडे बघितलं नाही, मी तिच्याकडे नाही. अडलं की परत वाचायचं.

“संपदा स्वल्प तू उद्या नाशिकला जा पूर्ण.”

नाहीच. एकदा म्हणताना जीव जातोय आणि ही बया मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावतेय! तिसऱ्यांदा सुरू केलं, “संपदा स्वल्प तू” एवढंच आलं. कोऱ्या कागदावरचं मला दिसेनासं झालं.

मग संपदाच बोलली, अगदी माझ्याच सुरात. “मी उद्या नाशिकला जाते पूर्ण.”

आता ‘हं’ माझ्याकडून यायचं होतं. तिला ती ओळ दोनदा वाचावी लागली.