कड्यावर अडकलेले साहेब

धाकट्याचा धंदा माणसं जोडायचा होता. एकाच खोलीत वर्षानुवर्षं बसून एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं कंपन्या त्याच्या हवाली करत. तो त्यांना कुठल्याशा हॉटेलच्या हिरवळीवर नेऊन एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायला लावी. संध्याकाळपर्यंत ती माणसं खरोखर एक होत. कोणाविरुद्ध, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

स्वतःच्या घरी जायला मात्र त्याला सवड होत नसे. जायचं ठरे आणि ऐनवेळी काम निघे. मग एका मोठ्या कंपनीने त्याला ‘घर: आपली पहिली टीम’ या विषयावर बोलायला सोमवारी बोलावलं, आणि धाकट्याला घरच्यांची इतकी आठवण यायला लागली की त्याने तडक शुक्रवारच्या बसचं तिकीट काढलं.

निघण्याआधी त्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं, “शनिवार-रविवार फक्त आपण चौघं. निसर्ग, साहस आणि मनमोकळ्या गप्पा! सबबी चालणार नाहीत.” बाबांनी अंगठा पाठवला. आईने जोडलेले हात पाठवले. ताईने काहीच पाठवलं नाही. ती भारावली असणार, असं धाकट्याने धरून चाललं.

शुक्रवारी रात्री तो दारात उभा राहिला तो दोर, हेल्मेट आणि लोखंडी कड्यांनी फुगलेली बॅग घेऊन. त्या बॅगेने आधी दार अडवलं, मग चपलांचं कपाट पाडलं.

“या साहेब,” ताई म्हणाली. “घर पाडायला आलात की राहायला?”

धाकट्याची खोली होती, पण रिकामी नव्हती. बाबांचं कोपऱ्यावर फोटोफ्रेमचं दुकान होतं आणि तिथे न मावणारा माल आता इथे राहायला आला होता. पलंगाच्या चारी बाजूंनी लोकांचे फोटो भिंतीला टेकून उभे होते: पदवीची टोपी घातलेली मुलगी, दात नसलेलं बाळ, सत्कार स्वीकारणारे कोणीतरी गृहस्थ. त्यात धाकट्याचा फोटो कुठे नव्हता. आपला फोटो पैसे देऊन फ्रेम करायला बाबांकडे कोण आणेल, अशी त्याने मनाची समजूत काढली आणि त्या परक्या गोतावळ्यात झोपून गेला.

सकाळी त्याने सगळ्यांना टी-शर्ट वाटले. पिवळेधमक, छातीवर मोठ्या अक्षरांत ‘एकत्र’. आईने तो आपल्या कपड्यांवरूनच चढवला. बाबांचा पोटावर येऊन अडला.

“शनिवारी दुकानात गर्दी असते रे,” बाबा म्हणाले.

“तेच तर, बाबा. कम्फर्ट झोनमधून बाहेर या.”

“मी दुकानातून बाहेर येतोय,” बाबा म्हणाले आणि शटर ओढायला गेले.

ताई हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. तिने ड्यूटी बदलून घेतली होती आणि गाडीही तिचीच होती. गावाबाहेर तलावाशेजारी एक काळा कडा होता. उंची म्हणाल तर तिमजली घराएवढी, पण धाकट्याने त्याला वाटभर ‘आव्हान’च म्हटलं. उतरल्या उतरल्या फोटो झाले. “हसा. असं नाही, नैसर्गिक हसा. ताई, तुझं हसू टोमण्यासारखं दिसतंय.”

“हसूच टोमणा आहे,” ताई म्हणाली.

मग विश्वासाचा खेळ झाला. एकाने डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि दुसऱ्याने फक्त बोलून त्याला वाट दाखवायची. आईने बाबांना सरळ, डावीकडे, अजून थोडं असं सांगत एका झाडाच्या सावलीत नेलं आणि म्हणाली, “आता बसा.” बाबा बसले, पट्टी तशीच ठेवून झाडाला टेकले आणि डुलक्या घ्यायला लागले. खेळाच्या इतिहासात इतका विश्वास धाकट्याने पाहिला नव्हता, पण फोटोत तो झोप म्हणूनच दिसला असता.

“आता मुख्य गोष्ट,” त्याने बाबांना उठवून जाहीर केलं. “मी वरून दोराने खाली येऊन दाखवतो. नंतर एकेक जण. तोवर तुम्ही तिघं कड्याखाली सावलीत बसा. डोळे मिटा. मौन. मी हाक मारेन तेव्हाच बाहेर या.”

तो मागच्या पायवाटेने वर गेला. झाडाला दोर बांधला, कंबरेला पट्टे आवळले आणि उतरायला लागला. अर्ध्या वाटेवर कडा पोट काढल्यासारखा पुढे आला होता. तिथे पोचताच दोर ज्या कडीतून सरकायचा, त्या कडीत पिवळ्या टी-शर्टचं टोक ओढलं गेलं. कापड आत, दोर आत, दोन्ही घट्ट. धाकट्याने हिसका मारला, तसं अजून थोडं कापड आत गेलं आणि टी-शर्ट त्याच्या काखेत चढला. आता वर जाता येईना, खाली येता येईना. त्याने हाक मारायला तोंड उघडलं आणि नेमका त्याच वेळी खालून, कड्याच्या पोटाखालून, ताईचा आवाज आला.

“किती वेळ मौन आहे?”

“वर खटपट चाललीय त्याची. बस जरा,” आई म्हणाली.

“मागच्या खेपेला एकमेकांचे गुण लिहायला लावले होते. बाबांनी माझ्याबद्दल लिहिलं, गाडी चांगली चालवते.”

“चालवतेसच,” बाबा म्हणाले.

धाकट्याने तोंड मिटलं. लोकांचं मोकळं बोलणं ऐकायची संधी त्याच्या धंद्यात फार क्वचित मिळते. थोडं ऐकू, मग हाक मारू, असं त्याने ठरवलं.

“उद्याचं काय करणार आहेस?” ताईने विचारलं.

“काय करायचं? पोहण्याच्या मॅडमना फोन करून कळवलं मी येत नाही म्हणून,” आई म्हणाली. “वर्षभर शिकले. साठीनंतर पहिल्यांदा पाण्यात डोकं घातलं. शर्यत काय, पुढच्या वर्षी असेलच.”

“त्याला सांगायचं होतंस.”

“सांगून काय? तो तिथे येऊन भाषण करेल. माझ्या मैत्रिणींना गोल करून उभं करेल. नको बाई.”

धाकट्याच्या मांड्यांत पट्टे रुतत होते. आई पोहते? फोनवर तर तिने कधी… मग त्याला आठवलं की फोनवर तोच बोलायचा.

“लहानपणी किती गप्प असायचा,” बाबा म्हणाले. “कोणी बिघडवला कोण जाणे.”

“त्याला आपली आठवण-बिठवण आली नाहीये हं,” ताई म्हणाली. “फोटो हवेत त्याला. सोमवारी कुठेतरी दाखवणार बघ.”

दोराला लटकलेल्या माणसाला मान खाली घालायलाही जागा नसते. ताईने कधी त्याचा एक्स-रे काढला नव्हता, पण हाडापर्यंत बरोबर पोचली होती.

सगळ्यात जास्त त्याला लागलं ते आईचं बोलणं. ती त्याची बाजू घेऊन म्हणाली, “असू दे गं. आपलाच आहे. दोन दिवस निघून जातात.”

आता हाक मारावी तरी कशी? मारली तर त्याने सगळं ऐकलं हे उघड. नाही मारली तर पायांना मुंग्या. धाकटा उन्हात पिकत लटकून राहिला. शेवटी निर्णय त्याच्या हेल्मेटने घेतला. घाम पुसायला त्याने हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि ते निसटून आदळत, ठणठणत नेमकं तिघांसमोर जाऊन पडलं.

तिघं बाहेर आले. वर पाहिलं. वर धाकटा, काखेपर्यंत चढलेल्या ‘एकत्र’खाली उघडं पोट.

“केव्हापासून आहेस तिथे?” आईने विचारलं.

“आत्ताच आलो.”

“आणि थांबलास का?”

“अडकलोय.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ताईने डब्यातली फळं कापायची सुरी उचलली, मागच्या वाटेने वर गेली आणि तिथे पडलेल्या दुसऱ्या दोराच्या टोकाला बांधून ती त्याच्यापर्यंत सोडली.

“टी-शर्ट काप रे, दोर कापू नकोस!” आई खालून ओरडली.

“एवढं कळतं त्याला,” ताई वरून म्हणाली.

“कळतं ना?” बाबांनी खात्री करून घेतली.

धाकट्याने कापड कापलं, दोर एकदम मोकळा झाला आणि तो गुडघे खरचटत, अर्धा उघडा, खाली आला. आईने आपला टी-शर्ट काढून त्याच्या अंगावर घातला. थर्मासमधला चहा सगळ्यांनी मुकाट प्यायला. सकाळपासून मागितलेलं मौन आता कुठे मिळालं होतं.

“उद्याचा कार्यक्रम रद्द,” तो कपात बघत म्हणाला. “तुझी शर्यत आहे ना.”

आईचा कप तोंडाशीच थांबला. ताई तलावाकडे बघायला लागली. फक्त बाबा म्हणाले, “म्हणजे आत्ताच नव्हतास आला.”

“नव्हतो.”

“बरं झालं. आता पुन्हा सांगायला नको.”

आईने लगेच मॅडमना फोन लावला. नाव अजून काढलं नव्हतं.

रविवारी धाकटा कड्याशेजारच्या तलावाच्या नव्हे, नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावाच्या काठी बाकावर बसला. बाबा त्याच्या एका बाजूला, ताई दुसऱ्या बाजूला, पोलीस बसतात तसे. शर्यत सुरू झाली. आई निळ्या टोपीत हात मारत होती, धापा टाकत होती, तिरकी जात होती. धाकट्याला तिचं कौतुक वाटलं, ते खरंच होतं. पण वाटलेलं नुसतं मनात ठेवणं त्याला कुठे जमत होतं? तो उठला आणि टाळ्यांचा ठेका धरून ओरडला, “चला, सगळे मिळून…”

आईने पाण्यातून तोंड वर काढलं, “खाली बस!” असं खणखणीत ओरडली आणि पुन्हा बुडी मारली. त्यात तिचा नंबर गेला. ती शेवटून दुसरी आली आणि काठावर येऊन पोरीसारखी हसत सुटली, कारण शेवटची जी आली ती वर्षभर हिला ‘तुझे हात चुकतात’ म्हणून ऐकवत होती. धाकट्याने फोटो काढला नाही. ताईने त्याचा फोन आधीच पर्समध्ये टाकला होता.

संध्याकाळी बसथांब्यावर आईने त्याच्या गालावरून हात फिरवला. “पुन्हा ये रे,” ती म्हणाली. “पण आधी विचार.”

सोमवारी धाकट्याने मोठ्या कंपनीतल्या लोकांना गोष्ट सांगितली. घरच्यांचं मन ऐकता यावं म्हणून एक माणूस मुद्दाम कड्यावर दोराला कसा लटकून राहिला, त्याची. लोकांनी वहीत लिहून घेतलं. मागच्या रांगेतल्या एका बाईंचे डोळे पाणावले.

“मग घरचे काय म्हणाले हो?” त्यांनी विचारलं.

धाकटा क्षणभर थांबला. माइक हातात असताना तो सहसा थांबत नसे.

“आई म्हणाली, पुन्हा ये,” त्याने सांगितलं, आणि सगळ्यांना शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायला लावला.