उशाला दिलेला हात

टेलरबाई चार दिवस बहिणीकडे राहून परतली, तर नवरा दारातच उभा. त्याचा उजवा हात मनगटापासून खाली लोंबत होता, जसा काही दुसऱ्याच कुणाचा आणून जोडलाय.

"अहो, काय करून घेतलंत हे?"

"परवा सकाळी जाग आली तर असाच," पेंटर म्हणाला. "दुखत नाही. फक्त उचलत नाही."

दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस तो. हात गेला तर राहिलं काय? टेलरबाईने पिशवीही खाली ठेवली नाही, त्याला तसंच दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हातारे, गप्पिष्ट. त्यांनी मनगट उचलायला सांगितलं, बोटं सरळ करायला सांगितली. दोन्ही जमेना. अंगठ्याच्या मागच्या बाजूला कापूस फिरवला तर पेंटरला पत्ता नाही.

"पक्षाघात नाही, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "हाताकडे जाणारी एक नस दबलीये. दंडाच्या हाडाला वळसा घालून जाते ती. तिथे तासन्तास भार पडला की मनगट पडतं. नसा साखरेने बिघडतात, दारूने बिघडतात, जीवनसत्त्व कमी पडलं तरी बिघडतात. पण तेव्हा बहुतेक दोन्ही पावलांपासून सुरुवात होते. इथे एकच नस, एकच हात. म्हणजे दाबच." मग त्यांनी डोळे मिचकावले. "नव्या नवऱ्यांना होतं हे. बायको दंडावर डोकं ठेवून झोपते आणि बिचाऱ्याला हात काढवत नाही!"

पेंटर हसला नाही. टेलरबाई तर नाहीच नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि त्या रात्री ती बहिणीकडे होती.

"दीड-दोन महिन्यांत येईल हात," डॉक्टरांनी मनगटाला आधाराची पट्टी बांधली. "बोटं हलवत राहा."

रस्त्यावर येताच तिने विचारलं, "कुणाचं डोकं होतं?"

"डोकं कसलं? खुर्चीच्या पाठीवरून हात टाकून बसलो होतो, डोळा लागला."

"आपल्या घरात पाठीची खुर्ची आहे कुठे? दोन स्टुलं नि एक बाक."

पेंटर झपझप पुढे चालू लागला. टेलरबाईच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तिने सगळ्या गिऱ्हाइकांचा हिशेब मनाशी मांडला आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवालीपाशी येऊन थांबली. तिच्या पाटीवर पेंटरने 'बेकरी'ची वेलांटी अशी काही घुमवली होती, की टोकाला चक्क गुलाब फुटला होता. बायकोच्या 'शिवणकाम' पाटीला साधी सरळ वेलांटी. टेलरबाई पाव आणायच्या निमित्ताने गेली आणि बेकरीवालीचं डोकं न्याहाळून आली. चांगलं वजनदार डोकं होतं. केसही दाट.

घरात तिने पेंटरला भरवायला घेतलं, तर तो म्हणाला, "राहू दे, डाव्या हाताने जमतं." सांडत, लवंडत जेवायचा, पण तिचा घास घ्यायचा नाही. आणि रोज दुपारी व्यायामाला म्हणून दोन तास बाहेर.

आठव्या दिवशी तिने मशीनवर कापड तसंच सोडलं आणि त्याच्या मागे निघाली. बेकरीवरून तो सरळ पुढे गेला. टेलरबाईला हायसं वाटलं, आणि लगेच जास्तच भीती वाटली. म्हणजे ही तिसरीच! दोन गल्ल्या ओलांडून तो एका जुन्या इमारतीचा जिना चढला. दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. आतून बाईचा आवाज आला, "बाळ्या, आणखी एक घास. माझी शपथ."

टेलरबाई उंबऱ्यात येऊन थबकली. पाठीच्या खुर्चीत तिचा नवरा बसला होता, लहान मुलासारखा आ करून. आणि चमच्याने त्याला भरवत होती त्याची मोठी बहीण.

नणंद-भावजयीचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. 'माझ्या हातचं असलं की बाळ्या दोन घास जास्त जेवतो,' हे एकच वाक्य वन्संनी उठता बसता ऐकवलं होतं. शेवटी टेलरबाईने नवऱ्याला बजावलं होतं, की त्या घराची पायरी चढायची नाही.

"बेकरीवाली परवडली असती हो!" ती ओरडली. "माझा घास नको, आणि इथे आ करून बसलात!"

पेंटर ताडकन उठला. "अगं, पाय भाजलाय ताईचा. त्या रात्री शेजाऱ्यांनी बोलावलं म्हणून आलो. गरम पाण्याची पिशवी पायाखाली तशीच राहिली आणि हिला कळलंच नाही. रात्रभर बसलो होतो इथे, या खुर्चीत."

"कळलं नाही म्हणजे?"

"साखर आहे ना मला," वन्सं खाली बघत म्हणाल्या. "तळव्यांना काही जाणवत नाही. नुसत्या मुंग्या, आणि झोपायला गेलं की आग आग. ये गं, आत तरी ये." आणि त्या अनवाणीच तिच्याकडे चालत आल्या.

टेलरबाईची नजर फरशीवर गेली. प्रत्येक पावलामागे एक लाल ठिपका उमटत होता.

"वन्सं, थांबा! जागच्या हलू नका!"

तिने त्यांना खुर्चीत बसवलं, चांगला पाय मांडीवर घेतला. तळव्यात पाटीचा बारीक खिळा डोक्यापर्यंत रुतला होता. पेंटरच्याच खिशातून पडलेला. वन्संना खबर नव्हती. टेलरबाईने तो नखांनी ओढून काढला, जखम धुतली आणि त्यांना त्याच पावली दवाखान्यात नेलं.

"रोज तळवे कुणीतरी बघायला हवेत," डॉक्टरांनी सांगितलं. वन्संना वाकवत नव्हतं, पेंटरचा एकच हात चालत होता. उरली कोण? टेलरबाई रोज दुपारी जाऊ लागली. जाताना कपाळाला आठ्या असत, पण एक दिवस चुकला नाही.

सातव्या आठवड्यात एका संध्याकाळी पेंटरने तिच्यासमोर मनगट अलगद वर उचललं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने विचारलं, "आधी कुणाला दाखवलंत?"

"तुलाच की."

दुसऱ्या दिवशी वन्संचा पाय मांडीवर घेऊन ती बोटांच्या फटी पाहत होती, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "काल सकाळीच येऊन दाखवलं हो बाळ्याने मला. अगदी लाजत लाजत."

टेलरबाईने दात ओठ खाऊन त्यांच्या टाचेला चांगला चिमटा काढला.

वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. वळून पाहिलं तेव्हा त्यांना तिची बोटं दिसली. "काय केलंस गं?"

"काही नाही. जाणवतंय का पाहत होते."

"नाही जाणवत," वन्सं म्हणाल्या. इतक्या हळू, की टेलरबाईला दुसरा चिमटा काढवला नाही.